जालन्यात मधमाश्या कमी झाल्यात का? उत्तर मोबाईलच्या गॅलरीत आहे की म्युझियमच्या कपाटात?

'मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूसही संपेल' असं आइन्स्टाइन म्हणाल्याचा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येत असणार. विशेषतः २० मेच्या आसपास, कारण त्या दिवशी जागतिक मधमाशी दिन असतो. आइन्स्टाइनने असं काही म्हटल्याचा किंवा लिहिल्याचा पुरावा कुठंही नाही. त्यामुळे तो फॉरवर्ड आधी डिलीट करा.

पण अशा फॉरवर्डखाली जी चर्चा सुरू होते, ती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. 'आमच्याकडं बांधावरच्या लिंबावर मोहोळ असायचं, आता दिसत नाही.' 'फवारणीनं सगळं संपलं.' मराठवाड्यात हे कुणालाही विचारा, साधारण हेच ऐकायला मिळेल. आता प्रश्न असा, की हे खरं आहे का? आणि खरं असेल तर ते सिद्ध कसं करायचं? 'कमी झाल्या' म्हणायचं तर आधी किती होत्या आणि कोणत्या होत्या, हे माहीत पाहिजे. तो हिशोब मांडायला जगभर दोन प्रकारचे पुरावे वापरले जातात. एक म्हणजे म्युझियममध्ये टाचणीवर लावून ठेवलेल्या जुन्या माश्या. दुसरा, तुमच्या-आमच्यासारख्यांनी मोबाईलवर काढून अपलोड केलेले फोटो. या दोन्हींचं आपसात फारसं पटत नाही, आणि तीच खरी गंमत आहे.

मधमाशी म्हणजे फक्त मध देणारी माशी नव्हे

जगात माश्यांच्या या गटातल्या २० हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. भारतात ७०० हून जास्त. आपण 'मधमाशी' म्हणतो ती त्यातली मोजकीच मंडळी: झाडावर किंवा कड्यावर मोठं पोळं लावणारी आग्या माशी, ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात छोटंसं पोळं करणारी फुलोरी, भिंतीच्या भेगेत राहणारी आणि डंख न मारणारी बारीक माशी, आणि पेट्यांमधून आणलेली परदेशी मेलिफेरा.

उरलेल्या शेकडो प्रजाती पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत. त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. काही जमिनीत बीळ करतात, काही वाळक्या काडीत अंडी घालतात. लाकूड पोखरणारा काळा भुंगा त्यांच्यातलाच. गुलाबाच्या पानाला कुणीतरी कात्रीनं गोल कापल्यासारखं दिसतं ना? ती पानं कापून घरटं करणारी माशी. पोटावर निळे पट्टे असणारी, फुलासमोर हवेत थांबून गुंईंऽऽ करणारी एक माशी तुळशीवर हमखास येते. हे सगळे कीटक परागीभवन करतात, पण मोहोळ नसल्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नाहीसे झाले तरी जाणार नाही.

जालन्याला याची काळजी का असावी?

जालना हे बियाण्यांचं शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं 'महिको' सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पुढं जालना आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा पट्ट्यात बीजोत्पादन हा हजारो कुटुंबांचा धंदा झाला. आणि बियाणं तयार होणं म्हणजे परागीभवन होणं.

कांद्याचंच घ्या. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कांद्याला डेंगळे येतात, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे फुलतात. पण कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर. म्हणजे एकाच फुलाचं स्वतःच्या परागावर भागत नाही. कुणीतरी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर पराग न्यावा लागतो. माश्या आल्या नाहीत तर गोंडा दिसायला भरगच्च आणि आत बी नाही. संकरित कांद्यात तर नर आणि मादी ओळी वेगळ्या असतात, तिथं माशीशिवाय पानही हलत नाही. म्हणून शेतकरी मधपेट्या भाड्यानं आणतात.

तुरीचा मामला उलटा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण दिलेत. तूर स्वतःच्या परागावर फळते, पण माश्या येऊन शेजारच्या वाणाचा परागही आणून टाकतात. पानं कापणाऱ्या माश्या यात पुढं असतात. त्यामुळे तुरीचं शुद्ध बियाणं घ्यायचं तर दोन वाणांत अंतर ठेवावं लागतं. एका पिकात माशी हवी, दुसऱ्यात तिच्यापासून अंतर हवं. दोन्हीकडे पैशाचा प्रश्न आहे, आणि दोन्हीकडे 'कोणती माशी येते?' हे माहीत असणं गरजेचं आहे.

कपाटातली माशी काय सांगते?

म्युझियम म्हटलं की आपल्याला तिकीट काढून बघायच्या वस्तू आठवतात. इथं तसं नाही. हे संशोधनासाठीचे संग्रह असतात. डांबरगोळ्यांचा वास, लाकडी कप्पे आणि प्रत्येक टाचणीवर एक वाळलेली माशी. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली, तिचा राष्ट्रीय संग्रह कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. दिल्लीत कृषी संशोधन संस्थेचं 'नॅशनल पुसा कलेक्शन', मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आणि ब्रिटिश काळात गोळा झालेले कितीतरी भारतीय नमुने लंडनला.

टाचणीवर माशीखाली एक चिटोरं असतं: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. खरी किंमत त्या चिटोऱ्याची. लेबल नसलेली माशी म्हणजे सोर्स नसलेला फॉरवर्ड. दिसायला छान, उपयोग शून्य.

पण लेबल असेल तर शंभर वर्षांनंतरही त्या माशीला प्रश्न विचारता येतात. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या १० प्रजातींचे १३० वर्षांतले नमुने संशोधकांनी तपासले. या माश्या वसंतात सरासरी सुमारे १० दिवस लवकर बाहेर पडू लागल्यात, असं २०११ मध्ये त्यांनी दाखवलं. तापमानवाढीचा हा पुरावा कुठल्या उपग्रहातून आला नाही, तारखांच्या चिटोऱ्यांतून आला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याहून भारी काम केलं. म्युझियममधल्या माश्यांच्या अंगावर चिकटून राहिलेला पराग काढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ही माशी मरण्याआधी कोणत्या फुलावर होती, हे त्यावरून कळलं. ज्या माश्यांची आवडती फुलझाडं घटली, त्या माश्याही घटल्या, असा निष्कर्ष २०१४ मध्ये निघाला. माशी गोळा करणाऱ्याच्या डोक्यातही नसेल की आपण सोबत पराग गोळा करतोय.

नमुन्याचा पाय काढून डीएनए तपासता येतो, जिभेची लांबी मोजता येते, पंखावरच्या शिरा बघता येतात. फोटोत हे होत नाही.

मग जालन्याचे जुने नमुने कुठं आहेत?

इथं एक भारी माणूस भेटतो. थॉमस जेर्डन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सेवेतला डॉक्टर. १८३० च्या दशकाच्या अखेरीस तो घोडदळाच्या तुकडीबरोबर जालन्याच्या छावणीत होता. दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची त्याची यादी १८३९-४० मध्ये छापून आली, तिच्यात 'जालना' हे नाव परत परत येतं. आज दुर्मिळ असलेल्या जेर्डन्स कोर्सर पक्ष्याला त्याचंच नाव आहे. म्हणजे जालन्यातल्या पक्ष्यांची लेखी नोंद पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे!

जेर्डनला कीटकांतही रस होता. १८५१ मध्ये त्यानं दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली, त्यात उडी मारणाऱ्या मुंगीसह अनेक नव्या प्रजातींची वर्णनं होती. पण त्या मुंग्यांचे मूळ नमुने आज कुठल्याच संग्रहात सापडत नाहीत. वर्णन आहे, माशी-मुंगी नाही. मग 'त्यानं पाहिलेली मुंगी नेमकी हीच का?' हा वाद सोडवायचा कसा? शब्दावर भरवसा ठेवायचा, दुसरा इलाज नाही. टाचणीवरचा नमुना का जपायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

माश्यांबाबत चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं १८९७ मध्ये भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही अभ्यासक तो उघडतात. पण त्या काळी नमुने कुठून यायचे? जिथं साहेब राहायचा तिथून. छावण्या, थंड हवेची ठिकाणं, वनखात्याचे बंगले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला रॉटन हा अधिकारी पुणे भागात मुंग्या आणि इतर कीटक गोळा करायचा, म्हणून पुण्याचं नाव जुन्या कीटकशास्त्रात दिसतं. कुणी भोकरदनच्या कापसात किंवा मंठ्याच्या माळावर जाळं घेऊन फिरत नव्हतं. शिवाय १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

लेबलांची आणखी एक भानगड आहे. जुन्या लेबलांवर कितीदा नुसतं 'डेक्कन' लिहिलेलं असतं. डेक्कन म्हणजे नाशिक की नांदेड? आणि जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी इथले बरेचसे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूरकडचा भाग परभणीत. म्हणजे १९७५ च्या एखाद्या माशीच्या लेबलवर फक्त 'जि. औरंगाबाद' असेल तर ती आजच्या जालन्यातली असू शकते, आणि ज्या जिल्ह्याचं नाव लिहिलंय त्याचंही नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय. 'जालना' असं सर्च करणाऱ्याला ती माशी कधीच सापडणार नाही.

आता मोबाईलकडे येऊ

आयनॅचरलिस्ट हे ॲप २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालं. तुम्ही फोटो टाकता, ॲप नाव सुचवतं, मग जगभरातले लोक ते बरोबर की चूक सांगतात. फोटो, तारीख, ठिकाण असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशाहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं, तर ती नोंद 'रिसर्च ग्रेड' होते आणि जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाऊ शकते. भारतातही २००८ पासून इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आहे. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' वेबसाइट बघा, लोकांच्या फोटोंमधून किती नीटस काम होऊ शकतं ते कळेल.

फोटोची ताकद मोठी आहे. माशी जिवंत असते, कोणत्या फुलावर आहे ते दिसतं, ठिकाण जीपीएसनं येतं. 'डेक्कन' लिहायची वेळच येत नाही. आणि एका शहरातल्या चार उत्साही लोकांनी वर्षभरात जेवढ्या नोंदी केल्या, तेवढ्या करायला एखाद्या संग्रहाला दशकं लागली असती.

पण माश्यांचा प्रॉब्लेम असा, की त्या फोटोत ओळखू येत नाहीत. सगळ्या नाही. आग्या माशी येते, भुंग्याचा गट येतो. पण बारीक काळ्या माश्यांच्या डझनावारी प्रजाती सूक्ष्मदर्शकाशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. भुंग्याच्या काही प्रजातींत मादी काळी आणि नर चक्क सोनेरी असतो, बघणाऱ्याला दोन वेगळे कीटक वाटतात. डंख न मारणाऱ्या बारीक माशीला भारतभर वर्षानुवर्षं एकच नाव दिलं जायचं. ते मूळचं श्रीलंकेतल्या नमुन्यावरून १८५४ मध्ये दिलेलं. आता अभ्यासक सांगतात की त्या एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या आहेत. त्या वेगळ्या काढायला नमुनेच लागतात.

जालन्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गफलत सातेरी आणि मेलिफेरात होते. मेलिफेरा थोडी मोठी, पण फोटोत मापाचा अंदाज येत नाही. खात्रीची एक खूण मागच्या पंखावर आहे: सातेरीच्या मागच्या पंखात एक छोटी जादा शीर असते, मेलिफेरात ती नसते. मोबाईलच्या फोटोत ती दिसणं म्हणजे नशीब. मग कांद्याच्या प्लॉटवर आलेली माशी रानातली सातेरी होती की भाड्याच्या पेटीतली मेलिफेरा, हे फोटोवरून ठरवणार कसं? आणि हे ठरलं नाही तर 'रानातल्या माश्या उरल्यात की नाही' हा मूळ प्रश्न तिथंच राहतो. प्लॉटवर माश्यांचा घोंगाट आहे, म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर?

अर्जेंटिनातल्या झाटारा आणि आयझेन या दोन संशोधकांनी नेमकं हेच जगाच्या पातळीवर केलं. जीबीआयएफमधल्या म्युझियमच्या आणि लोकांच्या नोंदी घेतल्या. २०२१ मध्ये त्यांनी छापलं, की १९९० च्या आधीच्या तुलनेत २००६ ते २०१५ या काळात जवळपास २५ टक्के कमी प्रजाती नोंदल्या गेल्या. एकूण नोंदी वाढल्या असताना! बातम्या झाल्या: 'जगातल्या पाव माश्या गायब'.

थांबा. 'नोंदल्या गेल्या नाहीत' आणि 'गायब झाल्या' यात फरक आहे. संशोधकांनीही या प्रजाती नष्टच झाल्या असा दावा केला नव्हता.

मुद्दा सवयींचा आहे. म्युझियमसाठी गोळा करणारा माणूस दुर्मिळ गोष्टीच्या मागे असतो. आग्या माशी कुठंही मिळते, तिचे पाचशे नमुने कशाला लावायचे? दोन-चार पुरे. नवीन, विचित्र काही दिसलं की मात्र तो तिथं दिवसभर बसेल. मोबाईलवाल्याचं बरोब्बर उलट. जे मोठं, रंगीत, घराजवळ आणि रविवारी दिसतं, त्याचे फोटो निघतात. आता जुनी यादी पहिल्याची आणि नवी यादी दुसऱ्याची घेतली, तर माश्यांना काहीही झालेलं नसलं तरी दुर्मिळ प्रजाती 'घटलेल्या' आणि सामान्य प्रजाती 'वाढलेल्या' दिसणार. माणसं बदलली, माश्या नव्हे.

यावर काही उपाय आहेत. एक सोपा: समजा जुन्या नोंदी एक हजार आणि नव्या दहा हजार आहेत. नव्यांच्या चिठ्ठ्या करून त्यातून डोळे मिटून एक हजारच उचला, मग प्रजाती मोजा. असं शंभरदा करून सरासरी काढा. निदान संख्येचा अन्याय जातो. दुसरा, फोटोत ओळखू येणाऱ्या प्रजातींपुरतीच तुलना करायची आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसायचं. हा मला जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याची हेडलाइन होत नाही.

सगळ्यात पक्की पद्धत तिसरी: त्याच जागी, त्याच पद्धतीनं परत जाणं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावाभोवती चार्ल्स रॉबर्टसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोणत्या फुलावर कोणती माशी येते याच्या बारकाईनं नोंदी केल्या होत्या. साधारण सव्वाशे वर्षांनी संशोधक तिथं परत गेले. रानातल्या २६ फुलझाडांवर पूर्वी येणाऱ्या माश्यांपैकी निम्म्या प्रजाती तिथून गेलेल्या होत्या. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यावर 'नोंदींचा घोळ असेल' म्हणणं अवघड आहे, कारण आधीच्या माणसानं काय, कुठं, कसं पाहिलं ते लिहून ठेवलं होतं.

जालन्याचा रॉबर्टसन कोण?

आयनॅचरलिस्टचा नकाशा उघडा. मुंबई, पुणे, सह्याद्री ठिपक्यांनी भरलेले दिसतील. पूर्वेकडे सरकत मराठवाड्यात आलात की ठिपके विरळ होत जातात. ब्रिटिश काळातला साहेब जिथं गेला नाही, तिथं आजचा ट्रेकरही जात नाही. म्हणजे जुन्या संग्रहाची आणि नव्या ॲपची आंधळी जागा एकच. दोन्ही पुरावे एकमेकांची उणीव भरून काढतात असं म्हटलं जातं. इथं दोघांची उणीव सारखीच आहे.

खरं तर कागदावर एक व्यवस्था आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीकडे मागून बघा. त्यात माश्यांची नुसती नावं आहेत की कोणती माशी कुठल्या महिन्यात कुठल्या झाडावर असते हेही आहे, ते पाहा. गावातल्या मध काढणाऱ्या माणसाला हे तोंडपाठ असतं. बदनापूरचं संशोधन केंद्र, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र, प्राणिशास्त्र शिकवणारी कॉलेजं, सगळं जिल्ह्यातच आहे. चार शेतं आणि एक माळ निवडून दर महिन्याला ठरलेल्या दिवशी माश्या मोजायला फार मोठा निधी लागत नाही.

नमुने गोळा करण्यावर आक्षेपही येतो: माशी वाचवायची म्हणून माशीच मारायची? मोहोळातली एक कामकरी माशी गेली तर मोहोळाला फरक पडत नाही. पण एकेकटी राहणारी मादी मारली तर तिचं पूर्ण घरटं जातं. त्यामुळे कुणीही उठून जाळी घेऊन फिरावं, असं नाही. ते काम अभ्यासकांच्या देखरेखीखालीच व्हावं.

तुम्ही फोटो काढणार असाल तर

एक फोटो पुरत नाही. एक वरून, पंख दिसतील असा. एक बाजूनं, पोट आणि मागचे पाय दिसतील असा. जमलं तर एक समोरून चेहऱ्याचा. चौथा फोटो फुलाचा आणि झाडाचा. फिल्टर नको, क्रॉप चालेल. शेतात जवळपास मधपेट्या ठेवल्या असतील तर ते नोंदीत जरूर लिहा. ॲपनं सुचवलेलं नाव खात्री नसताना स्वीकारू नका, नुसतं 'माशी' या गटापर्यंत ठेवलं तरी चालतं. रोजच्या साध्या माशीचाही फोटो टाका, आणि अर्धा तास थांबून काहीच दिसलं नाही तर तेही तारखेसह कुठंतरी लिहून ठेवा. ॲपमध्ये न दिसलेल्या माशीला जागा नसते.

खिडकीत किंवा दिव्याखाली मेलेली माशी सापडली तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी लागते. कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि तुमचं नाव पेन्सिलनं लिहा, शाई पसरते. अशा पुड्या जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्र विभागात नेऊन दाखवता येतील.

आणि आग्या माशीच्या पोळ्याजवळ सेल्फीला जाऊ नका, तिचा फोटो लांबून झूम करूनही ओळखू येतो. बाकीच्यांसाठी कांद्याचे गोंडे फुलले की, तूर फुलली की आणि पहिल्या पावसानंतर माळावर रानफुलं आली की सकाळी ऊन अंगावर यायला लागल्यावर बाहेर पडा. त्याआधी माश्या थंडीनं आखडलेल्या असतात, बऱ्याचशा फिरतच नाहीत.